ओला कापूस

धम्मरत्नाच्या पोटरीला हात लागला आणि तो असा ओरडला, की पलीकडच्या खाटेपाशी जमिनीवर बसून जेवणारी माणसं घास हातात धरून थांबली. डोमाजी गुरुजींनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांनी काही जोर लावला नव्हता. चादर सरकून पाय उघडा पडला होता, ती नीट करावी आणि करता करता पाय जरा चेपून द्यावा, एवढंच त्यांच्या मनात होतं. तेही सहज आलं नव्हतं. सकाळपासून स्टुलावर बसून ते त्या पायाकडे पाहत होते आणि चेपावा की चेपू नये, याचा खल करत होते. मुलाच्या अंगाला आपण शेवटचा हात कधी लावला हे त्यांना आठवत नव्हतं. लहानपणी ताप आला की त्याच्या कपाळावर हात ठेवायची ती त्याची आई, मथुराबाई. गुरुजी दारात उभे राहून थर्मामीटर उजेडाकडे धरायचे आणि आकडा सांगायचे. मथुराबाई गेली तेव्हा मुलगा मोठा झालेला होता, आणि मोठ्या झालेल्या मुलाला हात कुठून लावायला सुरुवात करायची हे गुरुजींना कुणी शिकवलं नव्हतं. आज इतक्या वर्षांनी धीर केला, तर हे. "हात नोका लावू, बाबा," धम्मरत्न दात आवळून म्हणाला, "पोटऱ्या फुटून राह्यल्या माह्या." त्याने डोळे उघडले होते. ते लाल होते. चिपडं नाहीत, पाणी नाही. नुसते कोरडे लाल, आणि त्या लालीखाली जुन्या कागदासारखा पिवळेपणा. गुरुजींनी चादर ओढली आणि स्टूल थोडं मागे घेतलं.

त्या साली यवतमाळच्या त्या मोठ्या दवाखान्यात आजार विचारायची पद्धतच राहिली नव्हती. "कोणतं औषध मारलं?" एवढंच विचारायचे. कपाशीवर मारायच्या विषाला सगळे औषधच म्हणत. माणसं ट्रॅक्टरमधून, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून आणलेली; कुणाला दिसेनासं झालेलं, कुणाच्या तोंडातून फेस; आणि बरोबरचा माणूस पिशवीत रिकामी बाटली घेऊन उभा. धम्मरत्नाला त्याच्या गावाहून, बोरी अरबहून, आणणाऱ्या शेजाऱ्यांनीही बाटली आणली होती. "पाठीवर पंप होता याच्या, आमी डोयानं पाह्यलं," असं त्यांनी दारातल्या टेबलापाशी सांगितलं होतं, आणि ममता, गुरुजींची सून, मान हलवून हो म्हणाली होती. मग त्याच्या हातात सुई गेली, खाट मिळाली, उपचार सुरू झाले. उशापायथ्याला सगळी फवारणीचीच माणसं. त्यांच्यातले काही उठून बसायला लागले, चहा मागायला लागले. धम्मरत्नाचा ताप उतरला नाही. त्याची लघवी कमी कमी होत गेली. खाटेच्या कडेला टांगलेल्या पिशवीत तळाशी गडद चहासारखं थोडंसं साचलं होतं आणि सकाळपासून ते वाढलं नव्हतं. गुरुजी त्या पिशवीकडे न पाहण्याचा प्रयत्न करत आणि पुन्हा पुन्हा तिच्याकडेच पाहत.

पोटरी. विषाने पोटरी दुखते का? दुखत असेल. आपल्याला काय माहीत? गुरुजींनी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं, पण शिकवणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं, हे त्यांना पहिल्या वर्षापासून आतून ठाऊक होतं. पुस्तकात होतं ते ते फळ्यावर उतरवत आणि मुलं वहीत. सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टर मुलीसमोरसुद्धा ते विद्यार्थ्यासारखे उठून उभे राहिले होते. ती कोकणातली होती, बोलताना हेल काढायची. तिने धम्मरत्नाची पापणी वर उचलून बॅटरीचा उजेड टाकला आणि बरोबरच्या मुलाला म्हणाली, "बाहुल्या विषात होतात तशा बारीक नाहीयेत रे." मग गुरुजींकडे वळली. "आजोबा, हे साचलेल्या पाण्यात, चिखलात उतरले होते का? भात, नाला, डबकं असं काही? आमच्याकडे लावणीनंतर असे पेशंट यायचे, लेप्टोचे. त्याचा जंतू उंदरांच्या लघवीतून पाण्यात येतो, आणि पायाच्या भेगांतून आत शिरतो." गुरुजी लगेच म्हणाले होते, "नाही हो. आमची कोरडवाहू कपाशी. आमच्याकडे पाणी कुठलं?" उत्तर न अडखळता निघालं याचं त्यांना क्षणभर बरंही वाटलं होतं. ती "हं" म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

आमच्याकडे पाणी कुठलं? आता, त्या ओरडण्यानंतर, ते वाक्य परत आलं आणि स्टुलाशेजारी उभं राहिलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. दहावीच्या वर्गात जिवाणूंचे आकार शिकवताना ते फळ्यावर तीन चित्रं काढत. पहिले गोल, मोत्यांच्या सरीसारखे. दुसरे कांडीसारखे. तिसरे पिळाचे, काकडीच्या वेलाचा तणावा गुंडाळतो तसे. तिसरं चित्र काढेपर्यंत बहुधा तास संपत आलेला असायचा. लेप्टोचा जिवाणू याच पिळाच्या जातीतला, आणि टोकाशी असा वळतो, की तो प्रश्नचिन्हासारखा दिसतो आणि त्यावरूनच त्याचं नाव पडलं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. कुठे वाचलं ते आठवेना. खरंच वाचलं होतं का? की स्वतःशी रचलं? ज्या माणसाच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असतं, त्याला असं काहीतरी रचणं अवघड नव्हतं.

पण एकदा त्यांनी पिळाचे जिवाणू पाहिले होते. म्हणजे, पाहिले असावेत. नोकरी नवी होती तेव्हा त्यांची नेमणूक पांढरकवड्याच्या आतल्या बाजूला, जंगलातल्या एका कोलाम पोडाजवळच्या शाळेत झाली होती. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. साठ-सत्तर माणसं, कुडाची घरं. तिथल्या दोन-तीन मुलांच्या पायांवर रासबेरीसारखे लाल, ओले फोड होते आणि त्यांवर माश्या बसत. एके दिवशी जीप आली. जीपमधले डॉक्टर पांढऱ्या मिशांचे, बोलके. त्यांनी एका फोडातला थेंब काचेवर घेतला, शाळेच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला, खिडक्या लावून घेतल्या आणि म्हणाले, "या मास्तर, तुम्ही शिकवता ना? मग बघा तरी. याला यॉज म्हणतात." गुरुजींनी डोळा लावला. काळोख होता. काळोखात काहीतरी बारीक, चकचकीत, पिळाचं, हललं. की हललं नाही? की ती आपलीच पापणी होती? "दिसले का?" डॉक्टरांनी विचारलं. मागे पोरं रांगेत उभी होती. गुरुजी म्हणाले, "दिसले." डॉक्टर खूश झाले. त्यांनी पोरांना पेनिसिलिनची एकेक सुई दिली, आणि पुढच्या खेपेला जीप आली तेव्हा फोडांच्या जागी नुसते फिकट डाग होते. नवल पाहिल्यासारखी पोडावरची म्हातारी माणसं त्या डागांवर बोटं फिरवत होती. एवढं सगळं खरं. पण आपण जे पाहिलं ते जिवाणू होते की पापणी, हे गुरुजींना इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं, आणि म्हणून तो किस्सा त्यांनी कधी वर्गात सांगितला नाही.

पाणी होतं. ते त्यांनी याच डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्यात पापणीचा संशय नव्हता. बोरी अरबच्या घरात रस्त्याकडची खोली त्यांनी निवृत्तीनंतर पुस्तकांसाठी बांधून घेतली होती. पण ते राहत यवतमाळला, रविवारी एस.टी.ने जात, आणि रिकामी खोली शेतकऱ्याच्या घरात रिकामी राहत नाही. पहिल्या वेचणीपासून तिथे कापूस पडायला लागला. भाव वर येईल म्हणून तो तिथेच राहिला, आणि ढीग पुस्तकांच्या कपाटाच्या तिसऱ्या फळीपर्यंत चढला. मऊ, गरम, सरकीचा वास असलेला तो ढीग गुरुजींना आवडायचाही. पण त्यात उंदीर झाले. पुस्तकांच्या पाठी कुरतडल्या गेल्या, फळ्यांवर लेंड्या दिसू लागल्या, आणि कोपऱ्यात नाकाला झोंबणारा एक वास कायमचा राहिला. "धम्मा, उंदीर लय झाले रे," असं एका रविवारी त्यांनी म्हटलं होतं. "कापूस जाईन तं उंदीर जातीन," धम्मरत्न म्हणाला होता. "तुमी पुस्तकं तेवढी उचलून घ्या." गुरुजींनी पुस्तकं उचलली नव्हती. कुठे ठेवणार?

मग तो रविवार. ते बसमधून उतरून घरी आले तर रस्त्याकडची खोली आतून बंद. आत फुस्स, फुस्स असा ओळखीचा आवाज. त्यांना वाटलं, उंदरांसाठी काही मारतो आहे. मागच्या दाराने आत डोकावले तर धम्मरत्न पाठीवर फवारणीचा पंप लावून ढिगावर उभा होता. अनवाणी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. नळी हलवत तो कापसावर पाण्याचा बारीक तुषार सोडत होता, मग पायांनी कापूस वरखाली करत होता, तुडवत होता, पुन्हा तुषार. अंगणातल्या टाक्यातलं पाणी होतं ते. पायाखालून एक उंदीर निसटला आणि कपाटामागे गेला. खोलीत धूळ आणि पाणी मिसळून एक धुकं झालं होतं, आणि तो कोपऱ्यातला वास आता सगळीकडे होता. धम्मरत्नाने वर पाहिलं. त्याने नळी थांबवली. मग तोच म्हणाला, "असे काय पाह्यता? बोंडअयीनं पार हलका करून टाकला कापूस. त्याचं वजन त्याले वापस देऊन राह्यलो, दुसरं काय?" आणि थोडं हसून, थोडं रागाने: "पूर्ण गाव मारते पाणी. तुमी जा, वसरीत पुस्तक वाचा." गुरुजी गेले. वसरीत बसून त्यांनी पुस्तक उघडलं आणि दुपारच्या बसपर्यंत एकही पान उलटलं नाही. आपण काही बोलायला हवं होतं का? काय बोलणार? आपण कधी त्या शेतात वाकलो नाही. मुलगा वाकला. न वाकणाऱ्या माणसाने वाकणाऱ्याला काय सांगायचं?

म्हणजे शेजाऱ्यांनी पाठीवर पंप पाहिला तो हाच. त्या दिवशी तो पंप धुवायला बाहेर आला तेव्हा. पंपात विष नव्हतंच. नव्हतं? इथे गुरुजींचं मन पुन्हा घसरलं. पंप आधी नीट धुतला होता का? तळाशी जुनं औषध राहिलं असेल, बंद खोलीत ते श्वासावाटे गेलं असेल. मग हे विषच, आणि डॉक्टर करतात तेच बरोबर. आपण मधे तोंड घालून उपचार बदलायला लावले आणि ते चुकलं तर? म्हातारा मास्तर, ज्याला आपली पापणी ओळखता येत नाही. ज्याने 'दिसले' म्हटलं कारण पोरं रांगेत उभी होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. पंखा वर फिरत होता आणि त्याचा वारा शेजारच्या खाटेवर जात होता.

ममता डबा धुऊन आली. गुरुजी तिला व्हरांड्यात घेऊन गेले, म्हणजे ते आधी गेले आणि ती मागून आली. सासऱ्याने सुनेला 'चल' म्हणायची त्यांच्या घरात सवय नव्हती. भिंतीकडे पाहत ते म्हणाले, "ममता, पंपात काय होतं ते डॉक्टरला सांगायला पाहिजे." ती एकदम सगळं समजली. "मामाजी, नोका सांगू," ती म्हणाली. "फवारणीचा पेशंट म्हणून तं दाखल केलं यायले. आता पाणी मारलं म्हणून सांगतलं तं म्हणतीन खोटं बोलले. औषध बंद करतीन." "बंद करणार नाहीत." "तुमाले मालूम हाये?" गुरुजींना मालूम नव्हतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "अन् तो कापूस वामनराव व्यापाऱ्यानं नेला. ओल पाहाले हात बी घातला नाही तेनं ढिगात. गुरुजीच्या घरचा माल म्हणे. उद्या गावात कसं राहाचं मले? आपल्या पोरीले, मोनालीले, शाळेत पोट्टे काय म्हणतीन?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आपल्या लोकाईच्या कापसाले आदीच दहा खेपा चिमटीत धरून पाह्यतात, मामाजी. एक तुमच्या नावानं चाललं होतं." तिचं खरं होतं. त्यांच्या वडिलांनी त्याच गावात दुसऱ्यांच्या कपाशीत जन्म काढला होता आणि संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या धोतराचा सोगा सोडून दाखवायला लावत, कापूस लपवला नाही ना म्हणून. डोमाजी शिकला, गुरुजी झाला, दीक्षेनंतरच्या पहिल्या पिढीतला शिकलेला माणूस म्हणून गावाने त्याला ओटीवर बोलावून चहा दिला. ढिगात हात न घालणं म्हणजे त्या सगळ्याची पावती होती. ती पावती ओली झाली होती आणि त्यांना ठाऊक असून ते वसरीत बसून राहिले होते.

"त्याला विचारतो," गुरुजी म्हणाले. पण परत आले तेव्हा धम्मरत्न विचारण्यासारखा नव्हता. डोळे अर्धवट उघडे, ओठ सुकलेले, श्वास लहान. मधेच तो "दार लाव, कोणी पाह्यन" असं काहीतरी पुटपुटला.

आणि त्याच वेळी वामनराव आले. बोरी अरबात कापूस खरेदी करणारे वामनराव, पांढरा सदरा, पायात धुळीने माखलेला बूट, हातात शहाळं. त्यांचा आवाज त्यांच्या आधी वॉर्डात शिरला. "काय बे धम्मा, सीझन चालू झाला अन् तू इथं सायबावानी लोळून राह्यला? ऊठ नं!" धम्मरत्नाने डोळे वळवले, बस. वामनरावांचा चेहरा उतरला. ते खाटेच्या कडेवर टेकले आणि आवाज बारीक करून म्हणाले, "जय भीम गुरुजी. पोट्टा तं लयच सुकला हो." "बसा," गुरुजी म्हणाले. वामनराव बसलेच होते. काहीतरी बोलायचं म्हणून ते बोलत राहिले. तोंडाले काही बांधल्याशिवाय पंप मारू नये म्हणून आपण हरेकाले सांगतो, पण ऐकते कोण. मागच्या गल्लीतला एक तं गमछा बांधून वरून बिडी ओढत फवारते. पलीकडच्या खाटेवरचा माणूस यावर हसला आणि खोकला. मग वामनराव गुरुजींच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "माल झकास होता बरं गुरुजी तुमचा. मी सख्ख्या साळ्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, बायको बोलते मले. पण तुमच्या इथं नाही घातला. म्हटलं, आपल्याले बी एखांदं घर असावं जिथं हात घालावा लागत नाही." ममता खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिची पाठ हलली नाही. गुरुजींना वाटलं, वॉर्डातला सगळा उजेड आपल्या तोंडावर आला आहे. ते "हो" म्हणाले की "हं" म्हणाले, त्यांनाच कळलं नाही.

वामनराव अजून तिथेच होते, तेव्हा डॉक्टर मुलगी संध्याकाळच्या राउंडला आली आणि थेट पिशवीपाशी वाकली. पिशवी तशीच होती. तिने कागद पाहिले, ओठ चावला. "आजोबा, फरक नाही. विषाचे उपचार पूर्ण चाललेत, पण ताप हटत नाही आणि किडन्या काम थांबवायला लागल्यात. उद्या नागपूरला हलवावं लागेल. तिथवर तग धरला तर. काही नमुने आम्ही बाहेर पाठवू, पण उत्तर यायला वेळ लागतो, आणि किडन्या तेवढ्या थांबणार नाहीत." ती थांबली. "तुम्हाला काही आठवतंय का, जे सांगायचं राहिलं?" प्रश्न इतका सरळ होता की गुरुजींचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांसमोर ममताची पाठ, वामनरावांच्या हातातलं शहाळं, जमिनीवर बसलेली माणसं. पोरं रांगेत उभी होती. मुलीने क्षणभर वाट पाहिली, मान हलवली आणि पलीकडच्या खाटेकडे वळली.

मास्तर, दिसले का?

गुरुजी उठले. स्टूल मागे पडलं आणि त्याचा आवाज झाला. "पाणी होतं," ते म्हणाले. वर्गात म्हणायचे त्याहून मोठ्याने, आणि तो आवाज आपला आहे यावर त्यांचा विश्वास बसला नाही. "बाई, मी सकाळी नाही म्हणालो. पाणी होतं. पंपात विष नव्हतं, पाणी होतं. कापसाचं वजन वाढावं म्हणून त्याने कापसावर पाणी मारलं. अनवाणी तुडवला. त्या कापसात उंदीर होते, महिनाभर होते, मला माहीत होतं. त्याला आठवडा उलटून गेला. आता त्याच्या पोटरीला हात लावला तर तो ओरडतो." एवढं बोलून ते थांबले आणि मग, कारण खोटं अर्धवट सोडता येत नाही तसं खरंही येत नाही, म्हणून पुढे म्हणाले, "पंप आधी नीट धुतला होता की नाही, ते मला सांगता येत नाही. मला खात्री नाही कशाचीच."

डॉक्टर मुलीने चादर वर केली, धम्मरत्नाचे तळवे हातात घेतले. टाचा उन्हाळ्यातल्या काळ्या जमिनीसारख्या फाटलेल्या होत्या. तिने पोटरीला दोन बोटांनी जरा दाबलं. तो ओरडला. "लेप्टोत पोटऱ्या अशाच दुखतात. खात्री मलाही नाही, आजोबा," ती म्हणाली, "पण सकाळी ज्या दिशेने जायचं सोडलं होतं तिकडे आता जाता येईल." मग ती सिस्टरकडे वळून भराभर सांगू लागली, त्यातला पेनिसिलिन हा एक शब्द गुरुजींना कळला. किती जुना शब्द. जीपच्या धुळीचा वास आला त्याला.

त्यांनी वामनरावांकडे पाहिलं नाही. पाहायचं धैर्य नव्हतं. ते फक्त वाट पाहत राहिले, शिवीची, हसण्याची, बूट वाजवत निघून जाण्याची. वामनरावांनी शहाळं हळूच जमिनीवर ठेवलं. बराच वेळ ते आपल्या हाताकडे पाहत होते, ज्या हाताने त्यांनी ढीग चाचपला नव्हता. मग ते विचित्र आवाजात म्हणाले, "गुरुजी, गाडी माह्या हमालानं, बळीरामनं भरली होती." गुरुजींना अर्थ लागला नाही. "तुमचा कापूस. बळीराम चढला होता गाडीत तुडवाले. उघड्या पायानं. सोमवारपासून तो कामावर आला नाही. बायको सांगत होती, ताप हाये, डोये आले म्हणून. मी म्हटलं, पिऊन पडला असन." ते उठले, खिशातून मोबाइल काढला, तो दोनदा निसटला. दारापर्यंत जाऊन ते परत वळले. तोंड उघडलं. गुरुजींना वाटलं, आता. पण ते नुसतं म्हणाले, "पोटरी दाबून पाहाची नं?" "हो," गुरुजी म्हणाले. "हळू."

त्यानंतरचे दिवस गुरुजींनी पिशवीकडे पाहण्यात घालवले, आणि आता ते उघडपणे पाहत. नागपूरला न्यायचं ठरलेलं आधी एका दिवसाने पुढे गेलं, मग कुणी त्याबद्दल बोललं नाही. ममता त्यांच्याशी बोलत नव्हती. डबा पुढे ठेवी आणि खिडकीकडे तोंड करी. आपण केलं ते बरोबर की चूक, हे त्या पाठीवरून कळत नव्हतं. एका सकाळी पिशवीत गडद पिवळी एक रेघ वर चढलेली दिसली. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. मग त्यांनी ममताला हाक मारली. तिने वाकून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि पदर तोंडावर धरून जमिनीवरच बसली.

तपासणीचा निकाल आला तेव्हा धम्मरत्न उशीला टेकून बसायला लागला होता. डॉक्टर मुलीने निकाल सांगितला, त्या सकाळी ती म्हणाली होती तेच, लेप्टो. गुरुजींना आनंद झाला, पण त्यांना वाटला होता तसा नाही. शेजारच्या खाटेवर, जिथला माणूस बरा होऊन घरी गेला होता, बळीराम होता. वामनरावांनी त्याला आपल्या गाडीत घालून आणलं होतं. बळीराम उंच, हडकुळा. त्याचे पाय खाटेबाहेर येत आणि चादर पुरत नसे. वामनराव रोज येत, दोघांसाठी शहाळी आणत, गुरुजींना जय भीम घालत. थट्टा मात्र आता करत नसत. कापसाबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. गुरुजींना तो शब्द हवा होता. तो येईपर्यंत आपण इथून उठू शकणार नाही असं त्यांना वाटे, आणि तो येणार नाही हेही त्यांना कळत होतं.

दुपार होती. वॉर्ड पेंगत होता. धम्मरत्नाने डोळे मिटूनच पाय चादरीबाहेर काढला. "बाबा," तो म्हणाला, "जरा दाबता काय?" गुरुजींनी हात पुढे नेला आणि पोटरीवर, कातडीला लागतो न लागतो असा, टेकवला. तो ओरडला नाही. त्यांनी बोटं किंचित आवळली. पोटरीत जीव परत आला होता. शीर लागली, स्नायू लागला, आणि मुलाचं अंग इतकं गरम, इतकं घट्ट असतं, हे त्यांना नव्यानेच कळल्यासारखं झालं. "अजून जोरानं," धम्मरत्न म्हणाला. ते दाबत राहिले. थोड्या वेळाने धम्मरत्नाने मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथले पाय त्याने आधी पाहिले नसावेत, किंवा पाहून पाहिले नव्हते. "तो बळीराम हाये काय?" "हो." "तेच्या पायाले कशानं?" गुरुजींची बोटं थांबली. धम्मरत्न छताकडे पाहत राहिला. पंख्याची सावली त्याच्या तोंडावरून जात-येत होती. मग त्याने आपला पाय हळूच गुरुजींच्या हातातून काढून घेतला. "माहे झाले, बाबा," तो म्हणाला. "तेचे दाबा."

गुरुजींनी स्टूल उचललं आणि बळीरामच्या खाटेपाशी नेऊन ठेवलं. बळीराम जागा होता. गुरुजी आपल्या पायांशी बसले हे पाहून त्याने घाबरून पाय आखडायचा प्रयत्न केला आणि कळवळला. "पायाले हात नोका लावू गुरुजी," तो म्हणाला. "माह्या पायाले तुमी?" त्याच्या तळव्यांच्या भेगांत अजून सरकीचं पांढरं तूस अडकलेलं होतं. गुरुजींनी आधी ते बोटांनी एकेक काढलं. मग पोटरीवर हात ठेवला, अगदी हलका, दाबला नाही, आणि तो किती वेळ ठेवायचा याचा विचार न करता तसाच ठेवून बसले.